कशावरून? इतिहासातलं एक वाक्य तपासायला शिकताना

आधी हे वाक्य वाचा.

‘१० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी झालेल्या भेटीत अफझलखानाने दगा केला, तेव्हा शिवाजी महाराजांनी वाघनखांनी त्याचा वध केला.’

चौथीत असताना हे आपण बहुतेकांनी वाचलंय. चित्रही डोळ्यांसमोर आहे: शामियाना, धिप्पाड खान, वर उगारलेला हात. आता समजा कुणी शांतपणे विचारलं, ‘कशावरून?’ काही जण चिडतात, काही गप्प होतात. हा लेख गप्प होणाऱ्यांसाठी आहे. (चिडणाऱ्यांनीही वाचावा, पण पाणी पिऊन.)

भूतकाळ कळतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि एकाच घटनेचे दोघांनी दोन अर्थ लावले तर दोघेही बरोबर असू शकतात का, हे प्रश्न तत्त्वज्ञानाचे. त्यांवर जाडजूड ग्रंथ आहेत. सुरुवातच त्या ग्रंथांपासून केलीत तर तिसऱ्या पानावर डुलकी लागते, हे स्वानुभवाने सांगतो. त्यापेक्षा एक वही घ्या, हे एक वाक्य घ्या आणि कामाला लागा. तत्त्वज्ञान वाटेत भेटेलच.

पहिली पायरी: वाक्य फोडा

वरचं वाक्य एक दिसतं, पण त्यात निदान सात विधानं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत. भेट झाली. ती १० नोव्हेंबर १६५९ला झाली. प्रतापगडाच्या पायथ्याशी झाली. तीत खान मेला. आधी दगा खानाने केला. शस्त्र वाघनख होतं. आणि सातवं, जे सहज नजरेतून सुटतं: जे झालं तो ‘वध’ होता.

वहीत ही सात विधानं सात ओळींवर लिहा आणि प्रत्येकासमोर वेगळं ‘कशावरून?’ लिहा. लगेच एक गोष्ट लक्षात येईल. या सातांची ताकद सारखी नाही. भेट झाली आणि खान मेला, हे मराठी, फारसी, इंग्रजी सगळे सांगतात. त्यावर वाद नाही. तारीख पक्की आहे, ती कशी ते पुढे बघू. दगा कोणाचा यावर साधनं भांडतात. शस्त्राबद्दल त्यांचं एकमत नाही. आणि ‘वध’ हा शब्द कुठलाही कागद सिद्ध करू शकत नाही, कारण त्यात घटना कमी आणि निवाडा जास्त आहे. रावणाचा वध होतो, शेजाऱ्याचा खून होतो.

इतिहासावरची निम्मी भांडणं या पायरीवरच मिटण्यासारखी असतात. एक जण चौथ्या विधानाबद्दल बोलत असतो, दुसरा सातव्याबद्दल, आणि दोघांनाही वाटतं की समोरचा अख्खं वाक्य नाकारतोय.

दुसरी पायरी: आपल्या हातात काय आहे ते ओळखा

‘इतिहास’ या शब्दाची फोड इति-ह-आस अशी करतात. अर्थ, ‘हे खरोखर असं होतं’. शब्दच छाती ठोकून बोलतो. पण जे ‘होतं’ ते आता नाही. उरलेत कागद, दगड, हत्यारं, नाणी, म्हणी, पोवाडे. म्हणजे आपण भूतकाळ पाहत नाही, त्याच्या खुणा पाहतो.

यासाठी दूर जायला नको. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार प्रमाणं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. इतिहासात प्रत्यक्ष बाद झालं. १६५९ साल आज कुणाला दिसणार नाही. मुख्यतः हाताशी राहतात अनुमान आणि शब्द. धूर दिसतो म्हणून आग असणार, हे अनुमान. शब्द म्हणजे आप्ताचं सांगणं. हा आप्त आपल्या लग्नपत्रिकेतला नव्हे. ज्याला गोष्ट ठाऊक आहे आणि जो ती आहे तशी सांगू इच्छितो, तो आप्त.

या दोन अटी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, कारण दोन्ही एकदम पुऱ्या करणारा साक्षीदार फार क्वचित मिळतो. दरबारी कवीला गोष्ट ठाऊक असते, पण त्याला धन्याचा गौरव करायचा असतो. परक्या व्यापाऱ्याला गौरवाशी देणंघेणं नसतं, पण त्याने बातमी बाजारात ऐकलेली असते.

तिसरी पायरी: साक्षीदारांची कुंडली मांडा

आता वहीचं नवं पान. चार रकाने आखा: सांगणारा कोण, त्याला कसं कळलं, घटनेनंतर किती काळाने लिहिलं, कोणासाठी लिहिलं. प्रतापगडाच्या प्रकरणात हे रकाने भरायला मजा येते.

सर्वांत लवकरच्या नोंदींपैकी एक इंग्रजांची आहे. राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन १० डिसेंबर १६५९ला ईस्ट इंडिया कंपनीला पत्र लिहितो. घटनेला बरोबर महिना झालेला. त्यात खानाचं नाव अब्दुल्लाखान असं येतं. ‘अफझल’ शोधत बसलात तर हे पत्र हातातून निसटेल. एकाच माणसाची दोन नावं, ही पहिल्या दिवसापासून बाळगायची सावधगिरी. पत्राचा आशय असा: आदिलशाहीच्या राणीने खानाला दहा हजार घोडदळ-पायदळ देऊन पाठवलं, एवढ्या बळावर शिवाजीपुढे टिकाव लागणार नाही हे तिला माहीत होतं, म्हणून तिने खानाला मैत्रीचं सोंग करायचा सल्ला दिला, आणि त्याने तसं केलं. पुढे तो लिहितो की समोरच्यानेही, बातमी लागल्यामुळे की संशयामुळे ते कळत नाही, तसंच मैत्रीचं नाटक केलं.

‘कळत नाही’ हे दोन शब्द माझ्या दृष्टीने त्या पत्रातले सर्वांत मोलाचे. ज्याला गोष्ट रंगवायची असते तो असं लिहीत नाही. पण म्हणून पत्राला शेंदूर फासायचा नाही. विजापूरच्या जनान्यात राणी काय बोलली ते राजापूरच्या व्यापाऱ्याला कसं कळलं? बाजारातून, दलालांकडून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून. म्हणजे हे पत्र राणीच्या मनाचा पुरावा म्हणून लंगडं आहे. डिसेंबर १६५९मध्ये कोकणपट्टीत लोक काय बोलत होते याचा पुरावा म्हणून मात्र ते भक्कम आहे. कागद तोच, पण कशाचा पुरावा म्हणून आपण तो वापरतो त्यावर त्याचं वजन ठरतं. आणखी एक बाब टिपून ठेवा. हाच रेव्हिंग्टन पुढच्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफा घेऊन गेला आणि नंतर महाराजांच्या कैदेत पडला. हे पत्र त्या वैराच्या आधीचं आहे. नंतरचं असतं तर चौथ्या रकान्यात वेगळं लिहावं लागलं असतं.

मराठी बाजूने जेधे शकावली आहे. कारीच्या जेधे देशमुखांकडली ही एकेका ओळीच्या नोंदींची यादी. कान्होजी जेधे स्वतः या मोहिमेत महाराजांच्या बाजूने होते, म्हणजे घराणं घटनेच्या जवळचं. अज्ञानदासाचा पोवाडा आहे. तो जिजाबाईंनी करवून घेतला असं परंपरा सांगते. कवींद्र परमानंदाचं संस्कृत ‘शिवभारत’ महाराजांच्या हयातीतलं, त्यांच्याच पदरी असलेल्या कवीचं. कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली ती महाराजांच्या निधनानंतर दीड दशकाच्या सुमारास, जिंजीत, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. मोगल बाजूचा खाफीखान लिहितो तो तर सत्तरएक वर्षांनी. मल्हार रामराव चिटणीसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास १८२६चा.

रकाने भरून झाले की मोह होतो तो मतं मोजायचा. सहा जण म्हणतात खानाने आधी वार केला, दोघे म्हणतात महाराजांनी, लागला निकाल. असं करू नका. वाड्यातल्या पाच बिऱ्हाडांना एकाच कामवाल्या बाईंकडून बातमी कळली असेल, तर साक्षीदार पाच नसतात, एकच असतो. चिटणीसासमोर आधीची बखर-परंपरा होती, डफसमोर चिटणीस आणि खाफीखान दोघेही होते. म्हणून पाचवा रकाना आखा: याने कोणाचं वाचलं होतं? साधारणपणे या रकान्याने साक्षीदार निम्म्यावर येतात.

अस्सल कागद विरुद्ध बखर हा आपल्याकडचा जुना वाद. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, आणि अस्सल चिटोऱ्यापुढे बखरीची मातब्बरी काय, असा त्यांचा रोख होता. शिस्त म्हणून ते मला पटतं. पण नवशिक्या लोकांचा यातून एक गैरसमज होतो, की पत्र म्हणजे सत्य. वतनाच्या भांडणात लोकांनी खोटे कागद मनसोक्त केले आहेत. खरं पत्रसुद्धा कुणाला तरी फसवायला लिहिलेलं असू शकतं. खुद्द या प्रकरणात खान आणि महाराज एकमेकांना जे गोड निरोप धाडत होते ते अस्सलच होते, आणि त्यांतल्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा असे अजिबात नव्हते.

चौथी पायरी: तारीख स्वतः बसवून पाहा

ही पायरी कोरडी वाटते. ती गाळू नका. ‘तथ्य’ नावाची वस्तू कशी तयार होते ते इथे उघड दिसतं.

जुन्या मराठी नोंदीत ‘१० नोव्हेंबर’ असं कुठेच नसतं. असतं ते मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, वार गुरुवार. शकात ७८ मिळवा, १६५९ आलं. पण ७८ सरसकट मिळवता येत नाहीत. शक चैत्रात सुरू होतो, इसवी सन जानेवारीत. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवावे लागतात.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण महाराजांच्या जन्मतिथीचं. फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवलेत तर १६२९ येईल आणि वर्षाची चूक होईल. महिना फाल्गुन, म्हणून १५५१ अधिक ७९, म्हणजे १६३०. तारीख १९ फेब्रुवारी. गंमत पुढे आहे. त्या काळचा इंग्रज कारकून हा दिवस १६२९ सालातच धरत असे, कारण त्यांचं कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. उत्तर हिंदुस्थानात महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून तिकडचा जोशी याच दिवसाला चैत्र वद्य म्हणेल. आणि १५८२मध्ये पोपने कॅलेंडर सुधारलं ते पोर्तुगिजांनी लगेच उचललं, इंग्रजांनी मात्र १७५२पर्यंत नाही. त्यामुळे सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीज कागदातली तारीख इंग्रज वखारीतल्या तारखेच्या दहा दिवस पुढे असते. प्रतापगडाचा प्रसंग इंग्रजांच्या हिशोबाने १० नोव्हेंबरचा, गोव्याच्या हिशोबाने २० नोव्हेंबरचा. हे माहीत नसलेला माणूस दोन कागद समोर ठेवून ‘विसंगती सापडली’ म्हणून नाचू लागतो.

मग पक्कं कसं करायचं? वाराने. तिथी, सन, कॅलेंडर सगळं बदललं तरी गुरुवार सगळीकडे गुरुवारच असतो. जंत्रीत (तिथी-तारखांचा मेळ दाखवणाऱ्या कोष्टकात) शके १५८१च्या मार्गशीर्ष शुद्ध ७ला कोणता वार येतो ते पाहा. गुरुवार आला. आकडा लिहिणाऱ्याने तो मनाने रचला असता तर वार जुळण्याची शक्यता सातात एक. हा पुरावा छोटा आहे, पण फार प्रामाणिक आहे. जन्मतिथीचा वारही असाच तपासा, शुक्रवार येतो.

जन्मतिथीबद्दल आणखी थोडं, कारण मत बदलतं कसं ते त्यातून शिकता येतं. आधी शके १५४९चा वैशाख, म्हणजे १६२७ साल सर्रास मानलं जाई, बखरींच्या आधारे. टिळकांना मिळालेली जेधे शकावली १९१६मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली, आणि तिच्यात शके १५५१ निघालं. एकट्या नोंदीवर सगळ्यांनी मत बदललं नाही. १९२७मध्ये ‘शिवभारत’ छापून आलं, त्यातही तीच तिथी. घराण्याची कोरडी यादी आणि दरबारी संस्कृत काव्य, दोन्हींचा उगम वेगळा, उद्देश वेगळा, आणि तिथी एक. अशा ठिकाणी इतिहासकार ‘बहुधा’चं ‘होय’ करतो. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी स्वीकारली ती २००१मध्ये. शासन निर्णयाने सुट्टी कधी द्यायची ते ठरतं. १६३० साली काय झालं ते ठरत नाही. हा फरक ध्यानात असू द्या, दोन्ही बाजूंच्या उत्साही मंडळींना तो सांगावा लागतो.

पाचवी पायरी: मनातलं कसं कळणार?

दगा कोणाचा, हा प्रश्न हातांचा नाही, मनांचा आहे. आणि मनाचा कागद नसतो.

इथे मीमांसा दर्शनातलं अर्थापत्ती हे प्रमाण कामाला येतं. देवदत्त दिवसा जेवत नाही, तरी जाडजूड आहे. म्हणजे रात्री जेवत असणार. दिसणाऱ्या दोन गोष्टी एकत्र नांदायच्या असतील तर तिसरी मानावीच लागते. आता दिसणाऱ्या गोष्टी मांडा. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं असं सभासद सांगतो. जावळीच्या झाडीत मावळे दबा धरून होते आणि इशारत होताच तुटून पडले. खानाने सोबत सय्यद बंडासारखा नामांकित हत्यारबंद आणला होता. महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीला मारले गेले त्याचा दोष मराठे खानाला देत होते.

यावरून काय मानावं लागतं? महाराज तयारीत होते, हे नक्की. पण ही तयारी स्वतःला वाचवण्याची की खानाला मारण्याची? चिलखत दोन्ही अर्थांना चालतं. झाडीतले मावळेही दोन्ही अर्थांना चालतात. पुरावा तोच, आणि त्यावर दोन कथा नीट उभ्या राहतात. हा तुमच्या वाचनातला दोष नाही. काही प्रश्नांना उरलेल्या खुणांचं माप अपुरं पडतं, एवढंच.

माझं मत विचाराल तर असं: खान स्वच्छ मनाने आला नव्हता, हे रेव्हिंग्टनच्या पत्रामुळे बऱ्यापैकी टिकतं, कारण महाराजांची भलामण करण्यात त्याचा काही फायदा नव्हता. महाराजही निव्वळ विश्वासाने गेले नव्हते, हे त्याच पत्रामुळे टिकतं. पहिला वार कोणाचा, हे मात्र त्या शामियान्यातल्या चार-दोन माणसांनाच दिसलं. त्यांच्यापैकी कुणाचीही लेखी जबानी आपल्यापाशी नाही. जिवा महालाच्या नावाने म्हण आहे, ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’. ती कृतज्ञता जपते, वाराचा क्रम जपत नाही.

आणखी एक सापळा. १६७४चा राज्याभिषेक आपल्याला ठाऊक आहे, म्हणून १६५९ ही आपल्याला त्याची पायरी वाटते. ९ नोव्हेंबरच्या रात्री गडावर कुणालाही ते ठाऊक नव्हतं. त्या रात्री काय काय होऊ शकलं असतं, ते एकदा लिहून काढा. मग महाराजांच्या निर्णयातली जोखीम समजते. एरवी ती नुसती ठरलेल्या नाटकातली एन्ट्री वाटते.

सहावी पायरी: गप्प साधनं

ही छोटी. एखाद्या कागदात गोष्ट नाही, म्हणून ती झाली नाही, असं कधी म्हणता येतं? अद्वैत वेदान्ती आणि भाट्ट (कुमारिल भट्टांच्या परंपरेतले) मीमांसक अनुपलब्धी, म्हणजे न दिसणं, हे वेगळं प्रमाण मानतात, पण अट घालतात: असती तर दिसायला हवी होती, तरच न दिसणं हा पुरावा. टेबलावर हत्ती दिसत नाही म्हणजे तो नाही. टेबलावर जंतू दिसत नाही म्हणजे तो नाही, असं नव्हे. शकावलीच्या एका ओळीत हत्याराचं वर्णन नसलं तर काही सिद्ध होत नाही. ती ओळ वर्णनासाठी नव्हतीच. सविस्तर रंगवणाऱ्या कवीने ते गाळलं असेल, तर मात्र थांबून विचार करायचा.

सातवी पायरी: वस्तूला बोलता येत नाही

कागद खोटं बोलतील, पण वस्तू तरी खरी असेल, असं वाटतं. मग लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं पाहा. जुलै २०२४पासून ती तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली, पहिला मुक्काम साताऱ्याच्या संग्रहालयात. रांगा लागल्या.

वाघनखं खरी आहेत, म्हणजे पोलादी आहेत, जुनी आहेत. पण ती ‘ती’च आहेत, हे पोलादावर लिहिलेलं नाही. ते लिहिलंय पेटीवरच्या मजकुरात. त्यात म्हटलंय की ज्या वाघनखाने शिवाजीने मोगल सेनापतीला मारलं ते हे, आणि ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट असताना पेशव्यांच्या प्रधानाने ते त्याला दिलं. थांबा. मोगल सेनापती? अफझलखान विजापूरच्या आदिलशाहीचा. घटना आणि ही भेट यांत जवळपास १६० वर्षांचं अंतर. मधली साखळी काय, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात, याचा कागद नाही. म्युझियमनेच म्हटलंय की हीच ती वाघनखं, याची खातरजमा करणं शक्य झालेलं नाही.

खरं-खोटं ठरवायची घाई न करता वहीत लिहा: वस्तू म्हणजे मुका साक्षीदार, बोलतो तो दुभाषा. दुभाष्याच्या एका चुकीने सगळं खोटं ठरत नाही, पण त्याच्या उरलेल्या वाक्यांना जामीन मागावा लागतो. आणि शस्त्राबद्दल मुळातच एकमत नाही. खाफीखान बाहीत लपवलेला बिचवा सांगतो.

विजापूरजवळची ‘साठ कबर’ अशीच. ओळीने थडगी आहेत, ती डोळ्यांनी दिसतात. मोहिमेवर निघण्यापूर्वी खानाने आपल्या बायका मारल्या, ही त्यांवर चढवलेली कथा. थडगी पाहून आलेला माणूस कथाही पाहून आल्यासारखा बोलतो.

आठवी पायरी: अर्थ लावणाऱ्यांकडे पाहा

१६५९ची घटना बदलली नाही. तिच्याबद्दलचा प्रश्न मात्र दर पिढीने बदलला.

कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ १८२६मध्ये विचारतो: मराठे उठले कसे, आणि त्यांचा दगाबाज स्वभाव त्यात किती? अशा प्रश्नातून प्रतापगड हा कपटाचा नमुना म्हणून बाहेर येतो. १८६८च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाचा विद्यार्थी-वयातला तरुण डफच्या इतिहासावर टीका छापतो आणि विचारतो, तुमची साधनं कोणती? ‘कशावरून?’ हा प्रश्न मराठी इतिहासलेखनात इतक्या जाहीरपणे येण्याच्या पहिल्या वेळांपैकी ही एक. १८६९मध्ये महात्मा फुले पोवाडा लिहितात आणि महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हणतात; त्यांचा प्रश्न वेगळाच आहे, हे राज्य कोणाचं, कोणाच्या घामाचं?

आणि मग १८९७. जूनमध्ये पुण्यात शिवाजी उत्सव झाला, त्यात टिळकांचं भाषण झालं, आणि १५ जूनच्या ‘केसरी’त ते छापून आलं. टिळकांची चाल पाहण्यासारखी आहे. पहिला वार कोणाचा यावर ते वेळच घालवत नाहीत. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की महाराजांनी आधीच ठरवून खानाला मारलं असं क्षणभर धरून चालू; तरी ते कृत्य चांगलं की वाईट? आणि त्याचं माप पिनल कोडाने घ्यायचं का? आपल्या पहिल्या पायरीतली पाचवी ओळ त्यांनी बाजूला ठेवली आणि थेट सातवीवर आले. आठवड्याभरात, २२ जूनला, पुण्यातला प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि १८ महिन्यांची शिक्षा. जवळपास २४० वर्षांपूर्वीच्या घटनेचा अर्थ लावणं कोर्टाने वर्तमानातलं कृत्य मानलं, आणि खरं सांगायचं तर टिळकांनीही ते तसंच केलं होतं.

इथे नवशिक्याला वाटतं, म्हणजे ज्याचा त्याचा इतिहास, सगळे अर्थ सारखे. तसं नाही. अर्थ अनेक असू शकतात, पण प्रत्येकाला पहिल्या चार ओळींचं ओझं उचलून चालावं लागतं. उद्या कुणी म्हणालं की भेट झालीच नाही, खान तापाने मेला, तर तो ‘वेगळा दृष्टिकोन’ नसतो. आणि डफचा अर्थ मागे पडला त्यात नुसता देशाभिमान नव्हता. त्याला माहीत नसलेली साधनं पुढे आली आणि त्याच्या कथेला ती पेलवली नाहीत.

हे स्वतःवरही लावा. वहीच्या शेवटच्या पानावर प्रामाणिकपणे लिहा: उत्तर काय निघावं असं मला वाटतंय? ते पान कुणाला दाखवायची गरज नाही.

नववी पायरी: क्रियापद निवडा

लिहायला बसलात की मराठीचा एक फायदा घ्या. खात्रीची प्रत आपल्या क्रियापदातच सांगता येते. ‘मारला’, ‘मारला असावा’, ‘मारला असं सभासद लिहितो’, ‘मारला म्हणे’. या चार पायऱ्या आपण गावगप्पांत बिनचूक वापरतो, आणि इतिहास लिहायला बसलो की तीन विसरून फक्त ‘मारला’ लिहितो. ‘म्हणे’ हा फार इमानदार शब्द आहे, लाजू नका. ‘निःसंशय’ आणि ‘सर्वश्रुत आहे की’ या शब्दांवर मात्र नजर ठेवा. जिथे पुरावा संपतो तिथेच ते हटकून उगवतात.

पुढे जायचं तर मोडी लिपी शिका. चार-सहा महिन्यांच्या नेटाच्या सरावाने साधी पत्रं लागू लागतात. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१०पासूनचं. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, त्यातले सगळेच्या सगळे रुमाल (कागदांचे गठ्ठे) अजून कुणी वाचलेले नाहीत. पोर्तुगीज येत असेल तर पणजीच्या अभिलेखागारात तुमची वाट पाहिली जाते आहे.

आणि आता सुरुवातीचं वाक्य पुन्हा लिहू.

‘मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, गुरुवारी (जुन्या इंग्रजी गणनेने १० नोव्हेंबर १६५९) प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि अफझलखान यांची भेट झाली आणि तीत खान मारला गेला. खानाला मैत्रीचं सोंग करायला सांगितलं होतं, अशी बातमी महिन्याभरात राजापूरच्या इंग्रजांपर्यंत पोचली होती. महाराजही सावध आणि सशस्त्र होते. पहिला वार खानाने केला असं ‘शिवभारत’ आणि सभासद सांगतात, खाफीखान उलट सांगतो. शस्त्र वाघनख किंवा बिचवा असावं.’

लांबलं खरं, आणि चौथीच्या मुलाला पाठ होणार नाही. आता तुमच्या गावच्या वेशीवरच्या वीरगळाबद्दल लोक जे एक वाक्य सांगतात ते वहीत उतरवा आणि फोडायला घ्या.